इक्यासी काका

भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिरात सोय एक्क्याऐंशी योगिनींची आहे. कलचुरी राजांनी दहाव्या शतकात नर्मदेकाठच्या टेकडीवर हे गोल आवाराचं मंदिर उभारलं, भिंतीच्या आतल्या अंगाने ८४ खण काढले, तीन येण्याजाण्याला सोडले आणि उरलेल्या ८१ खणांत योगिनी बसवल्या. ८१ योगिनींची एक वेगळी परंपरा होतीच, तेव्हा राजाचं किंवा गवंड्याचं काही चुकलेलं नाही. लोकांच्या तोंडी मात्र चौसष्टच बसलं. येणारे येतात, पायऱ्या चढून धापा टाकतात, फुटक्या मूर्ती बघून हळहळतात, धुवांधार धबधब्याला जाऊन तुषार अंगावर घेतात, भुट्टा खातात आणि परततात. सतरा योगिनी हिशेबातून गळल्या तरी कुणाच्या पोटातलं पाणी हलत नाही.

जबलपुरात एका माणसाच्या पोटातलं मात्र हललं, आणि ते अजून थांबलेलं नाही. त्यांना सगळे इक्यासी काका म्हणतात.

ही जात तुमच्याही ओळखीची असेल. दर मराठी वस्तीत असा एखादा असतोच. मी गोलबाजारापासून अधारतालपर्यंतच्या दोन-तीन म्हाताऱ्यांना इथे एकाच सदऱ्यात कोंबलं आहे. त्यांच्यापैकी कुणीही ‘हा मी नव्हे’ म्हणणार नाही. फार तर लेखातल्या बेरजा तपासायला मागतील.

जबलपुरात मराठी माणूस काही भोसल्यांच्या मागे आला, म्हणजे १७९८ ते १८१८ या वीस वर्षांत, आणि बराचसा नंतर रेल्वे, कचेऱ्या आणि कारखान्यांच्या मागे. काका दुसऱ्या लाटेतले. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी जन्मभर नटबोल्ट मोजले. अशा नोकरीने माणसाला एक तर आकड्यांचा वीट येतो किंवा आकड्यांचा लळा लागतो. काकांना लळा लागला. निवृत्तीच्या वेळी साहेबाने भाषणात ‘तीस-पस्तीस वर्षं’ सेवा केली म्हटल्यावर काका जागच्या जागी उठून म्हणाले होते, “तीस की पस्तीस?”

या माणसाला नवा आकडा भेटला की तो त्याला दोन प्रश्न विचारतो: तू हर्षद आहेस का, आणि तू स्वयंभू आहेस का? हे दोन्ही प्रश्न देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी शिकवलेले. हर्षद म्हणजे आपल्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाणारी संख्या. ८१ मध्ये ८ आणि १ मिळून ९, नवाने ८१ ला भाग जातो, झाला हर्ष. ६४ मध्ये बेरीज १०, आणि दहाने चौसष्टला भाग जात नाही. “बघा, चौसष्ट आनंद देत नाही,” काका म्हणतात, “आणि पाटी त्याची!”

स्वयंभूचं प्रकरण जरा खोल आहे. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. जी येईल ती तिची लेक. १२ मध्ये ३ मिळवले की १५, म्हणून १५ ही बाराची. काही संख्यांना मात्र अशी आईच सापडत नाही. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३, ६४. कुणापासूनही न झालेल्या, म्हणून स्वयंभू. कापरेकरांनी त्यांना आपल्या गावावरून देवळाली संख्याही म्हटलं. काकांनी हे वाचलं आणि त्यांच्यातला कोकणस्थ जागा झाला. घराण्याचा कुलवृत्तांत काढायला चुलतभाऊ गावोगाव पत्रं पाठवत होता, त्याला काकांनी शंभर रुपये देऊन वाटेला लावलं आणि स्वतः आकड्यांचा कुलवृत्तांत लिहायला घेतला. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या, डाव्या बाजूला आई, उजव्या बाजूला लेक. १०१ शी आल्यावर त्यांची लेखणी अडली, कारण ९१ मध्ये १० मिळवूनही १०१ येतात आणि १०० मध्ये १ मिळवूनही १०१ येतात. दोन आया! काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “वहीतच राहू द्या. बाहेर बोलू नका.”

या वह्यांतून भेडाघाटचा निकाल लागला. चौसष्ट स्वयंभू निघाला, जसा एखाद्या देवळातला तांदळा. त्याच्या मागे कुणी नाही. एक्क्याऐंशीच्या मागे मात्र अख्खी वंशावळ आहे: ९ मध्ये ९ मिळवून १८, त्यात ९ मिळवून २७, मग ३६, ४५, ५४, ६३, ७२ आणि नवव्या पिढीला ८१. मूळपुरुष नऊ, तोही स्वयंभू. “म्हणजे नवाचा पाढा हा पाढा नाहीच, घराणं आहे!” हे काका दत्त मंदिरात आरतीच्या रांगेत सांगत होते. पुढच्या माणसाने नम्रपणे प्रसादाची वाटी पुढे केली.

चौसष्टला नावाचा मान द्यावा, मालमत्ता एक्क्याऐंशीकडे राहावी, असा तोडगा काकांनी काढला आणि पाटीवर दोन्ही आकडे घालावेत म्हणून संबंधित कार्यालयाला अर्ज केला. अर्जाला वंशावळ जोडली होती. उत्तर आलेलं नाही. वंशावळ जोडल्यामुळे तो अर्ज जमिनीच्या वादाच्या फायलीत गेला असावा, असा माझा कयास आहे.

पाहुणे आले की भेडाघाट ठरलेलं. पाहुण्यांना संगमरवरी कडे बघायचे असतात. नावाडी तिथे यमकं जुळवत, चावट विनोद करत, कड्यांत हत्ती, मोटार नि काय काय दाखवत नाव वल्हवतात. ते ऐकायला माणूस पुन्हापुन्हा जातो. काका नावेत असले की नावाड्याचा पार बेरंग होतो. त्याने ‘बंदरकूदनी’ म्हणून हात वर केला की काकांनी पाहुण्याच्या मुलाला विचारलेलं असतं, “तुझ्या शाळेतला रोल नंबर काय रे?” मंदिराच्या पायऱ्या ते दर वेळी मोजतात आणि दर वेळी मधेच कुणी तरी ‘पानी की बोतल, बाबूजी?’ विचारून मोजणी मोडतं. त्यामुळे त्या पायऱ्यांचा आकडा काकांच्या वहीत अजून पेन्सिलीने लिहिलेला आहे.

जबलपूरबद्दलचा त्यांचा अभिमानही याच वाटेने जातो. १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळने नेली आणि जबलपूरच्या पदरात हायकोर्ट पडलं. जुने जबलपूरकर अजून त्या विषयावर आले की चहा गार होतो. काका गार होऊ देत नाहीत. “गाड्यांचे नंबर बघा. आपली एमपी २०. वीस हर्षद आहे आणि स्वयंभूपण आहे. भोपाळची ०४. चार कोणाची? दोनाची! दोन आणि दोन चार. परावलंबी शहर आहे ते.” इंदूरची ०९ निघाल्यावर मात्र ते जरा अडखळतात, कारण नऊ दोन्ही कसोट्यांना उतरतो. “एकेरी आकडे सगळेच हर्षद असतात, त्यात काय मोठं करून राहिले,” असं म्हणून ते इंदूर उडवून लावतात. नागपूरची एमएच ३१ स्वयंभू आहे, पण हर्षद नाही. “नागपूरकरांकडे बघितलं की कळते,” काका म्हणतात.

निवृत्तीनंतर घर बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी अधारतालला जागा घेतली. कृषी विश्वविद्यालयाच्या बाजूची मोकळी हवा, असं सगळ्यांना वाटलं. खरं कारण पिनकोड. ४८२००४, अंकांची बेरीज १८, आणि १८ गुणिले २६७७८ म्हणजे बरोबर ४८२००४. गोलबाजाराच्या ४८२००२ ला सोळाने भाग जात नाही, हे काकांना त्या पेठेत राहताना वर्षानुवर्षं टोचत होतं. आता अधारतालहून दत्त मंदिरात यायला ऑटो करावी लागते. ऑटोवाला पंचावन्न म्हणतो. पंचावन्नला दहाने भाग जात नाही.

“चौपन्न लो,” काका म्हणतात.

“काए दादा, एक रुपैया के लाने?”

“रुपयाच्या लाने नाही बाबा, आनंदाच्या लाने.”

ऑटोवाले आता त्यांना बघून आपणच चौपन्न म्हणतात. एकाने चलाखी करून त्रेसष्ट सांगून पाहिलं. तेही हर्षद असल्यामुळे काकांनी निमूट दिलं.

कुणी त्यांना अंकशास्त्री समजलं, की काका खवळतात. दुकानाच्या नावात एक अक्षर वाढवून नशीब बदलणारे, लग्नाच्या तारखेची बेरीज करून अंगठी विकणारे, या मंडळींचा त्यांना मनस्वी तिटकारा. “आकडा कोणाचं भलं करून राहिला? त्याला आपलंच पुरे झालं आहे.” एवढं बोलून ते थांबले असते तर बरं, पण पुतणीला बघायला मंडळी आली तेव्हा मुलाचा पगार, घर, गोत्र सोडून काकांनी त्याचं जन्मसाल विचारलं आणि कागद ओढला.

कापरेकरांचा दुसरा खेळ तो. चार अंक घ्या, सगळे सारखे नसले म्हणजे झालं. मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. फार तर सात वेळा करा, तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता आणि मग तिथून हलत नाही. हे कापरेकरांना १९४६ साली सापडलं. पुतणीचं साल १९८४: ९८४१ उणे १४८९ म्हणजे ८३५२, ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. दोन पायऱ्यांत पोचली. मुलगा १९८३ चा. ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. सात! सातच्या पुढे कुणाला जाताच येत नाही, म्हणजे मुलाने हद्द गाठलेली.

“मुलगा चांगला आहे,” काका कागद मिटत म्हणाले, “पोचतो. पण सगळं फिरून पोचतो.”

मुलाकडच्यांनी पोहे अर्धे ठेवले. लग्न तरीही झालं, आणि जावईबापू आजतागायत गाडी हलल्यावर डब्यात चढतात. हा योगायोग आहे असं काका स्वतःच सांगतात. काकू सांगत नाहीत.

गावाच्या इतिहासालाही त्यांनी हीच चाळणी लावली आहे. गन कॅरिज फॅक्टरी १९०४: तीन पायऱ्या. मराठी अंमल संपला ते १८१८: सहा पायऱ्या, “म्हणून तर इतकं रडत-रखडत”. १९३९ साली इथे त्रिपुरी काँग्रेस भरली, सुभाषबाबू अध्यक्ष, तापाने फणफणलेले. तिची आठवण म्हणून कमानिया गेट उभं आहे. १९३९ दोन पायऱ्यांत ६१७४ ला पोचतं. त्या अधिवेशनात पुढे काय झालं आणि सुभाषबाबूंना अध्यक्षपद का सोडावं लागलं, हे विचाराल तर काका म्हणतात, “ते इतिहासवाल्यांना विचारा.” १९९७ च्या मे महिन्यात, २२ तारखेच्या पहाटे भूकंपाने जबलपूर हादरलं, तेव्हा अख्खी गल्ली रस्त्यावर आली. काका बनियन-लेंग्यात, छातीशी लाल वह्या. काकू मागून आल्या, आपणहून. त्या पहाटेचा उल्लेख घरात अजून जपून करतात.

ही करमणूक आहे, गणित नव्हे, असं त्यांना तोंडावर सांगणारा एकच निघाला: पुण्यात गणितात पीएच. डी. करणारा भाचा. सुटीत आला होता. जेवणं झाल्यावर त्याने विषय काढला.

“मामा, हे सगळं दहाच्या पायामुळे आहे. आपल्याला दहा बोटं, म्हणून आपण दहात मोजतो. पाया बदला, तुमची हर्षद संख्या हर्षद राहील याची खात्री नाही.”

“नऊचा पाया घेतला तर एक्क्याऐंशी कसा लिहायचा?”

“एक, शून्य, शून्य.”

“शंभर!” काका खुर्चीतून अर्धे उठले. “आणि चौसष्ट?”

“सात, एक.”

“एक्काहत्तर! बघ, म्हणजे कुठेही नेला तरी…” भाच्याने कपाळाला हात लावला. मग त्याने शेवटचं अस्त्र काढलं. हार्डी नावाच्या थोर इंग्रज गणितीने १९४० साली ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात अशा गमतींचा निकालच लावला आहे. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. चार अंकी संख्यांत आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत असणाऱ्या या दोनच. हार्डी म्हणतो, कोड्यांच्या सदराला ठीक आहे, गणितज्ञाला यात घेण्यासारखं काही नाही.

काका बराच वेळ गप्प होते. भाच्याला वाटलं, जरा जास्तच बोललो. काका आकडे मोडत होते.

“नऊचा वर्ग एक्क्याऐंशी. त्याचे दोन तुकडे कर, आठ अधिक एक, परत नऊ. बरोबर?”

“बरोबर. कापरेकर संख्या.”

“नव्व्याण्णवचा वर्ग किती?”

भाचा सांगता सांगता थांबला. ९८०१. ९८ अधिक ०१, परत ९९.

“तुझ्या हार्डीसाहेबांनी नावं ठेवायला आकडा शोधला, तोही आमच्या एक्क्याऐंशीच्या घरातलाच निघाला,” काका म्हणाले आणि पुढे सुटले. हेच हार्डीसाहेब पुटनीला आजारी रामानुजनना भेटायला टॅक्सीतून गेले, टॅक्सीचा नंबर १७२९. साहेबांना तो नीरस वाटला. रामानुजनना मात्र लगेच दिसलं की दोन घनांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या: एकाचा नि बाराचा घन, किंवा नवाचा नि दहाचा. “ते तर जगाला माहीत आहे. पण तिच्या अंकांची बेरीज कर. एकोणीस. उलटे कर, एक्क्याण्णव. गुण. सतराशे एकोणतीस!” असं आपल्या बेरजेने आणि बेरजेच्या उलट्या रूपाने बनणाऱ्या संख्या साऱ्या अंकविश्वात चारच: १, ८१, १४५८ आणि १७२९. एक्क्याऐंशीचे नऊ नवे. चौदाशे अठ्ठावन्नचे अठरा गुणिले पुन्हा एक्क्याऐंशी. “म्हणजे भेडाघाट आणि रामानुजन सोयरे झाले की नाही?”

भाच्याने त्या चारांची गोष्ट कागदावर पडताळून पाहिली. ती खरी निघाली. तो रात्री उशिरापर्यंत काकांच्या वह्या चाळत होता, हे मी काकूंकडून ऐकलं. त्यांना त्याची काळजी वाटत होती.

कापरेकरांचंही फारसं वेगळं झालं नव्हतं. बीएस्सी झालेले, १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवणारे मास्तर. आपली पुस्तिका आपणच छापायची आणि आपणच वाटायची. बड्या गणितींना तो पोरखेळ वाटे. मग १९७५ साली मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीचं नाव जगभर झालं. काकांना असल्या गार्डनरची अपेक्षा नाही. शेजारच्या मुलाने मोबाइल कानाला न लावता पाच मिनिटं ऐकून घेतलं तरी ते त्याला चहा पाजतात. खरं सांगायचं तर निवृत्त माणसांत ज्यांच्याशी बोलावं असे थोडेच. एकाला मुलाचं पॅकेज सांगायचं असतं, दुसऱ्याला साखरेचा रिपोर्ट. काकांचे आकडे निदान आपल्या मालकीचे नसतात. आपणही त्यांचा फुकट उपभोग घेऊ शकतो. त्यांनी मला एकदा एक भागिले एक्क्याऐंशी करायला लावलं. दशांशचिन्हानंतर ०१२३४५६७९ येतं आणि तेच पुन्हा पुन्हा येत राहतं. सगळे अंक ओळीत उभे, आठ गायब. कुठे गेला? काकांचं स्पष्टीकरण स्टोअरमधल्या माणसाचं आहे. रांगेत नवाच्या मागून दहा आला. दोन अंकांचा माणूस एका खुर्चीत मावेना, त्याने आपला एक पुढे सरकवला. त्याने नवाचे दहा झाले, त्यांनाही खुर्ची पुरेना. त्यांनी आपला एक आठाला दिला. “आठ पळालेला नाही. त्याला बढती मिळून तो नऊ झाला आहे. जुन्या पदावर शोधाल तर कसा सापडेल?” गणिती याला हातचा म्हणतात. काकांनी आयुष्यभर बढत्या दुसऱ्यांच्याच पाहिल्या, तेव्हा त्यांचा शब्द जास्त बरोबर धरावा.

गेल्या वर्षी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. मुलांचं म्हणणं, ऐंशी पूर्ण झाली की करून टाकू, हॉल मिळतो आहे. काकांनी कागद घेतला. दोन पौर्णिमांत साडेएकोणतीस दिवसांहून थोडं जास्त अंतर. हजार पौर्णिमांना साधारण २९,५३० दिवस. म्हणजे ऐंशी वर्षं आणि दहाएक महिने. “हजारावा चंद्र एक्क्याऐंशीव्या वर्षात दिसतो. त्याआधी करायचं तर मांडवात नऊशे नव्वद लिहा.” हॉलची तारीख बदलली. सुनांनी ८१ दिवे लावून ओवाळलं तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते तुपाच्या धुराने आलं असं ते म्हणतात.

पानांचा आकडा मात्र आदल्या आठवड्यात काकूंनी ठरवला होता. काकांना १०८ हवी होती. एकशे आठ हर्षद, स्वयंभू, शिवाय जपमाळेचा आकडा, यापेक्षा शुभ काय असणार. मुलगा सव्वाशे म्हणत होता. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “दीडशे.”

“दीडशे कशावरून?”

“मुंजीच्या वेळी सव्वाशेत भात संपला होता, त्यावरून.”

काकांनी तोंडातल्या तोंडात बेरीज केली. एक नि पाच सहा. सहा पंचवीस दीडशे. “अगं, हर्षद आहे!”

“असेल. गोड काय करायचं ते हलवायाला सांगा, तो उभा आहे.”

“खव्याच्या जिलब्या. माणशी दोन.”

“दो में का होत है दादा,” हलवाई म्हणाला, “तीन रखो. पब्लिक खात है.”

काका क्षणभर छताकडे बघत राहिले. चार नि पाच नऊ. नऊ पन्नास.

“साडेचारशे,” ते म्हणाले. “लिख लो.”